हालचाल ऐकणारी वाद्ये

स्वातंत्र्यदिन जवळ आला की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या अनेक शाळांच्या मैदानावर लेझमीचा सराव सुरू होतो. एका बाजूला ढोल किंवा डफडे वाजवणारा विद्यार्थी आणि समोर रांगांनी उभी असलेली मुले-मुली. ठोका पडतो, पावले उचलली जातात आणि शेकडो चकत्यांचा एकच झणत्कार होतो. अशा वेळी एखाद्या चौकस मुलाने विचारले, "सर, आम्ही नाचतो आहोत की वाजवतो आहोत?" तर काय उत्तर द्याल?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लेझीम हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. धनुर्विद्येच्या सरावासाठी वापरायचे, दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे दंडात बळ यावे म्हणून केलेले हे साधन. साखळीचा आवाज होतो, तो तालात करता येतो, हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि व्यायामाच्या साधनाचे वाद्य झाले. वाजवायचे तर अंग हलवावेच लागते. अंग हलले की वाद्य वाजतेच. नाच आणि वादन यांच्यामध्ये येथे रेषाच उरत नाही.

नाचणारा आणि वाजवणारा यांनी मिळून नवे वाद्य शोधायचे ठरवले, तर कोठून सुरुवात करावी? जगभर अशा जोड्यांनी प्रयोग केले आहेत. ते पाहताना एक प्रश्न हाताशी ठेवला तर बराच उलगडा होतो: हे वाद्य हालचालीतले नेमके काय ऐकते? हाच प्रश्न घेऊन आपण लेझमीपासून निघू, थोडे दूर जाऊन येऊ आणि शेवटी आपल्याच मैदानावर बांबूचे एक वाद्य करू.

लेझीम काय ऐकते?

एक साधा प्रयोग करा. लेझीम दोन्ही हातांत ताणून धरा आणि डावीकडून उजवीकडे सावकाश, एकसारख्या वेगाने न्या. आवाज जवळजवळ होत नाही. आता तोच हात मध्येच झटक्याने थांबवा. चकत्या खणखणतात. असे का व्हावे?

हात थांबला, साखळी थांबली. पण सैल बसवलेल्या चकत्या जडत्वामुळे पुढेच जात राहतात आणि एकमेकींवर आदळतात. न्यूटनचा पहिला नियम येथे कानाने ऐकू येतो. लेझीम वेग वाजवत नाही. ती वेगातला बदल, म्हणजे त्वरण वाजवते. घुंगराचेही तसेच आहे. आतला खडा पावलाबरोबर निघतो, पाऊल जमिनीवर थांबते, खडा थांबत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लेझमीत मुलांच्या हाताला झटका नसेल तर आवाज फुसका येतो. "जोरात हलवा" यापेक्षा "झटकन थांबवा" ही सूचना अधिक उपयोगी. दुसरी, चकत्या लहान आणि कडक असतात. त्यांची कंपने फार जलद, अनेक तऱ्हांची आणि एकमेकांशी न जुळणारी असतात. म्हणून लेझमीला ताल आहे, पण सा-रे-ग-म नाही.

मैदानावरची आणखी एक तक्रार शिक्षकांच्या परिचयाची आहे: "मागच्या रांगा मागेच पडतात!" दोष नेहमीच मुलांचा नसतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ढोलापासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला ठोका दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. सेकंदाला चार ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांतील अंतर पाव सेकंद. त्यात दशांश सेकंदाचा उशीर डोळ्यांना सहज दिसतो. ढोल पुढच्या कोपऱ्यात न ठेवता पथकाच्या मध्यभागी ठेवला, तर सर्वांत दूरच्या मुलाचे अंतर बरेच कमी होते.

वाजवणारा मध्यभागी

वाजवणारा मध्यभागी असण्याची ही युक्ती पालघर, डहाणू, जव्हारकडच्या वारल्यांच्या तारपा नाचात पूर्वापार आहे. तारपा वाजवणारा मध्ये असतो. एकमेकांच्या कमरेभोवती हात घातलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती फिरते. वारली चित्रांतला तो सुप्रसिद्ध फिरता सर्प हाच. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात.

वाद्याची घडण पाहण्याजोगी आहे. एक वाळलेला भोपळा, त्यात खोचलेल्या जिभाळीच्या दोन नळ्या, बोटांसाठी भोके, टोकाला ताडाच्या पानांचा रुंद कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. सगळे सामान परिसरातले. पण प्रत्येक भागाला काम नेमून दिलेले. भोपळा ही हवेची कोठी. जिभाळी ही झडप: एकसारखा येणारा दाब तोडून ती हवेचे झोत सोडते. नळीची लांबी या झोतांचा वेग, म्हणजे सूर, ठरवते. कर्णा नसेल तर नळीतला बराचसा ध्वनी तोंडापाशी पोहोचून आतच परततो. तोंड हळूहळू रुंदावत नेले की तो मोकळ्या हवेत सहज बाहेर पडतो. वादक गालांत हवा साठवून ती आत सोडतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. त्यामुळे सूर तुटत नाही आणि नाचणाऱ्यांची साखळीही तुटत नाही.

आपला प्रश्न येथे विचारला तर उत्तर उलटे मिळते. तारपा नाचणाऱ्यांची हालचाल ऐकत नाही. नाचणारे तारपा ऐकतात. वादक मात्र त्यांच्याकडे पाहत असतो. नाचणारे दमले, रंगले, चुकले, हे त्याला दिसते आणि तो चाल बदलतो. यंत्राला न जमणारा दुवा येथे माणूस जोडतो.

पियानोत घातलेला स्क्रू

कधी कधी नाचाला हवा असलेला आवाज हाताशी असलेल्या कोणत्याच वाद्यात नसतो. अमेरिकेतील सिॲटल शहरात कॉर्निश स्कूल या कलाशाळेत १९४० मध्ये असेच झाले. सिव्हिला फोर्ट या नर्तिकेच्या 'बॅकनाल' या नाचासाठी जॉन केज या संगीतकाराला तालवाद्यांचा ताफा हवा होता. रंगमंच इतका लहान, की ताफ्याला जागाच नव्हती. होता तो एक पियानो. केजने पियानोच्या तारांमध्ये वस्तू घालून पाहिल्या. काही घसरल्या, काही उडाल्या. स्क्रू आणि दाराच्या फटीत लावायची नरम पट्टी मात्र जागेवर राहिली. पट्टी दाबली की सुरेल पियानोतून घंटा, लाकूड, ढोल यांच्यासारखे आवाज येऊ लागले. 'सज्ज केलेला पियानो' या नावाने हे वाद्य पुढे जगभर माहीत झाले. अडचण नाचाची होती. शोध वाद्याचा लागला.

यामागचे विज्ञान वर्गात सांगण्यासारखे आहे. ताणलेली साधी तार मूळ कंपनांकाबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांकांनीही कंप पावते. हे पूर्णांकांचे नाते कानाला सुरेल वाटते. तारेवर मध्येच वजन बसवले, की हे नाते मोडते आणि आवाज घंटेसारखा होतो.

आता तबला आठवा. साध्या ताणलेल्या कातड्याच्या कंपनांत पूर्णांकांचे नाते नसतेच; म्हणून डफड्याला ठरावीक सूर लावता येत नाही. तबल्याच्या कातड्यावर मध्यभागी शाईचा थर दिला, म्हणजे तेथे वजन वाढवले, की उपस्वर पूर्णांकांच्या नात्यात येतात आणि तबला सुरात लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह हे निरीक्षण १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले आणि पुढे त्याचा सविस्तर अभ्यास केला. क्रिया एकच, वजन वाढवण्याची. तारेचा सुरेलपणा त्याने मोडतो, कातड्याला तोच सुरेलपणा त्याने येतो. आपल्याकडच्या ज्या अनामिक कारागिराने प्रथम शाई लावली, त्याचा प्रयोग केजच्या प्रयोगापेक्षा तसूभरही कमी नाही.

अंगच झाले वाद्य

यापुढची पायरी म्हणजे नाचणाऱ्याच्या शरीरालाच वाद्याचा भाग करणे. रशियन शास्त्रज्ञ लेव तेरमेन (पाश्चात्त्य जगात लिऑन थेरेमिन) यांनी १९२० च्या सुमारास हात न लावता वाजणारे विजेचे वाद्य केले. त्यात अतिशय जलद कंपने निर्माण करणारी दोन मंडले असतात. समजा एकाची कंपने सेकंदाला ३,००,००० आहेत आणि दुसऱ्याची ३,००,४४०. दोन्ही कानाच्या पल्ल्याबाहेर. पण त्यांच्यातील फरक ४४०, आणि तो आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. वादकाचा हात दांडीजवळ गेला की हात आणि दांडी मिळून विद्युत धारित्र बनते, एका मंडलाची कंपने किंचित बदलतात आणि फरक बदलला की सूर बदलतो.

याच तत्त्वावर त्यांनी नर्तकासाठी एक मंच केला. मंचाखाली धातूचा पत्रा. नर्तक वाकला, उठला, हात पसरले, की सूर खाली-वर होई. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा प्रयोग झाला. पण या वाद्यावर सुरात नाचू शकणारी माणसे फार थोडी निघाली. कारण आपल्या प्रश्नातच आहे. लेझीम वेगातला बदल ऐकते. हात स्थिर असेल तर ती गप्प बसते. हा मंच शरीराची जागा ऐकतो. तोल सावरताना झालेली बोटभर हालचालही तो सुरात दाखवतो. शरीराला विसावा नाही आणि चूक लपवायला आडोसा नाही. वाद्याने किती ऐकावे याबरोबरच काय ऐकू नये, हेही ठरवावे लागते.

आपला बांबू

आता वर्ध्याला परत येऊ. जागा ऐकणारे वाद्य अवघड, बदल ऐकणारे वाद्य सोपे पण बेसूर. मधला मार्ग आहे: आघात ऐकणारे आणि तरीही सुरात बोलणारे वाद्य. एका टोकाला बंद असलेली बांबूची नळी उभी धरून जमिनीवर आपटली की 'धुप्प' असा गोल सूर येतो. जगात अनेक ठिकाणी नाचात अशा नळ्या वापरतात. नाचणाऱ्याचा हात ठोका देतो, सूर नळीची लांबी देते.

एक टोक बंद असलेल्या नळीत ध्वनीच्या तरंगलांबीचा चौथा भाग मावतो. म्हणून कंपनांक = ध्वनीचा वेग ÷ (४ × लांबी). तापमान २८ अंश सेल्सिअस असेल तर वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर. षड्जासाठी लांबी ५० सेंटिमीटर घेऊ. कंपनांक येतो १७४. भूप रागातले सूर घेतले तर कोणतेही दोन सूर एकत्र वाजले तरी फारसे खटकत नाहीत, म्हणून नवशिक्यांना ते बरे. स्वरांची गुणोत्तरे घेऊन लांब्या अशा येतात:

सा (१) – ५० सें.मी.
रे (९/८) – ४४.४ सें.मी.
ग (५/४) – ४० सें.मी.
प (३/२) – ३३.३ सें.मी.
ध (५/३) – ३० सें.मी.
वरचा सा (२) – २५ सें.मी.

पण एक मेख आहे. उघड्या तोंडाशी हवेचे कंपन नळीच्या काठावर थांबत नाही, थोडे बाहेरही येते. त्यामुळे नळी प्रत्यक्षापेक्षा लांब असल्यासारखी वागते. ही वाढ आतल्या त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट असते. आतला व्यास ४ सेंटिमीटर असेल तर त्रिज्या २ आणि वाढ १.२ सेंटिमीटर. तेव्हा वरच्या प्रत्येक लांबीतून १.२ वजा करून कापावे: सा ४८.८, रे ४३.२, याप्रमाणे. लांबी आतून, बंद गाठीपासून मोजावी. मध्ये आणखी गाठ असेल तर तिचा आतला पडदा लोखंडी सळईने फोडावा. तळाची गाठ मात्र शाबूत ठेवावी. गावातल्या बुरडाला सोबत घ्या. कोणता बांबू वाळलेला, कोणता तडकणार, हे तो हातात घेताच सांगेल. प्रथम बोटभर जास्त कापून, पेटीशी ताडून, थोडे थोडे घासत आणावे. आखूड झालेली नळी पुन्हा लांब होत नाही. कडा घासून गुळगुळीत करायला विसरू नका.

मडक्याचे उत्तर

नाचणाऱ्याच्या दोन हातांत दोन नळ्या, पायांत घुंगरू. वाजवणाऱ्याकडे काय द्यावे? अरुंद तोंडाचे मडके. तोंडावर रबराचा सपाट तुकडा अलगद आपटला की घुमारा येतो. मडक्यातली हवा येथे स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते, मानेतली हवा वजनासारखी खाली-वर होते. पाणी ओतले की आतली हवा कमी होते, स्प्रिंग ताठर होते, सूर चढतो.

विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगा: मडके निम्मे भरले तर वरचा सा येईल का? नळीत तसे होते. लांबी निम्मी केली की कंपनांक दुप्पट. मडक्यात मात्र कंपनांक हवेच्या घनफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हवा निम्मी केली तर कंपनांक २ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४१ पट होतो. हा जवळजवळ तीव्र मध्यम! वरच्या सासाठी हवा चौथा हिस्सा उरेपर्यंत, म्हणजे पाऊण मडके भरावे लागेल. वर्गमूळ कानाने ऐकण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

मे महिन्यातला सूर

डिसेंबरात जुळवलेल्या नळ्या मे महिन्यात काढून पाहा. ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. थंडीतल्या पहाटे १२ अंशाला तो ३३८ असतो. वर्ध्याच्या ४५ अंशाच्या दुपारी ३५८. म्हणजे सुमारे सहा टक्के अधिक, पेटीवरची बरोबर पुढची पट्टी! बांबू तसाच, हवा बदलली. मडक्याचा सूरही तितकाच चढतो, कारण तेथेही हवाच बोलते. एकतारीची तार मात्र तापून सैल पडते आणि तिचा सूर उतरतो. कोरड्या हवेत डफड्याचे कातडे तडतडीत होऊन त्याचा आवाज चढतो. चारही वाद्ये एकत्र आणली तर भांडण ठरलेलेच. वाद्यवृंदातले लोक प्रयोगाआधी सूर का जुळवतात, याचे हे उत्तर आहे.

दोघांचा प्रयोग

वाद्ये झाली, आता जोडी. तमाशाच्या फडात ढोलकी सवाल टाकते आणि नाचणारीच्या पायातले चाळ जवाब देतात. तोच नियम घ्या. मडकेवाला आठ मात्रांचा एक तुकडा वाजवील. नाचणारी पुढच्या आठ मात्रांत पावले आणि नळ्या यांनी उत्तर देईल. मग अदलाबदल: सवाल नाचणारीचा, जवाब मडक्याचा. तिसऱ्या फेरीत दोघे एकदम. बाकीच्या वर्गाने नोंद करायची: कोणत्या हालचालीचा आवाज झाला, कोणतीचा झाला नाही, कोण कोणाची वाट पाहत थांबले?

विजेची आवड असलेल्या वरच्या वर्गातल्या मुलांना यात जागा ऐकणारे वाद्यही घालता येईल. ५५५ ही टायमर चकती, प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर, एखाद-दुसरा रोधक, धारित्र, छोटा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढे पुरे. नाचणारीची सावली एलडीआरवर पडली की त्याचा रोध वाढतो आणि सूर उतरतो. तेरमेनच्या मंचावर नर्तकांची काय अवस्था झाली असेल, ते मग समजावून सांगावे लागणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आज बहुतेक स्नेहसंमेलनांत गाणे मोबाइलवरून मोठ्या स्पीकरवर लागते आणि मुले त्यावर नाचतात. नाच चांगलाही होतो. पण ध्वनिमुद्रित गाणे नाचणाऱ्याला ऐकत नाही. मुलगी अडखळली तर ते थांबत नाही, तिने नवे काही केले तर उत्तर देत नाही. एकमेकांना ऐकून आपले पाऊल बदलणे ही नाचातली मुख्य गोष्टच त्यात राहून जाते.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातच महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम सुचवला, त्यात हस्तोद्योग केंद्रस्थानी होता, आणि त्याच यादीत गणित व सामान्य विज्ञानाबरोबर संगीतही होते. टकळी-चरख्याची आठवण आपण ठेवली. यादीतला संगीताचा शब्द मात्र पुष्कळदा नजरेआड झाला. एका बांबूच्या नळीत करवत चालवणे, भागाकार, त्रिज्या, तापमान, भूप आणि पावले सगळीच एकत्र येतात, आणि कोणता तास चालू आहे हे सांगणे कठीण होते.

पहिली नळी बहुधा बेसूर निघेल. ती फेकू नका. किती बेसूर, चढी की उतरी आणि का, याचा शोध घेतला की दुसरी नळी सुरात येते.